आधी जळण, मग शेगडी

पौषातल्या थंडीत नगरकडच्या एखाद्या शेतात हुरड्याला बसलेल्या माणसाला विस्तवाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. जमिनीत वीतभर खोल आगटी, तिच्यात रचलेल्या गोवऱ्या, धूर आणि जाळ ओसरेपर्यंत धरलेला धीर, आणि मग लाल झालेल्या विस्तवात खुपसलेली ज्वारीची कोवळी कणसं. कणीस जाळावर धरलं तर दाणा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. भाजणारा गडी म्हणून आधी घाई करत नाही, आणि एकदा कणीस आत गेलं की क्षणाचाही उशीर करत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’सारखं खास वाण काढलं. भाजायची रीत मात्र जुनी होती तीच राहिली.

या पुस्तकाचा विषय आगटीपासून फार लांबचा वाटेल. लाकडाच्या पेलेटवर चालणारं ग्रिल हे अमेरिकेतल्या परसदारी दिसणारं यंत्र. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या माणसांच्या अंगणात ते मी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीतही तिथंच खाल्लं. यंत्र समजायला अवघड नाही. एका बाजूला पेलेट भरायची पेटी असते, तिला हॉपर म्हणतात. तिच्या तळाशी मळसूत्रासारखा फिरणारा दांडा, म्हणजे ऑगर. ऑगर पेलेट थोडे थोडे पुढे ढकलत एका लोखंडी वाटीत टाकतो. वाटीतली विजेची कांडी तापून पहिला जाळ धरते, पंखा वारा देतो, आणि आतलं तापमान पाहून कंट्रोलर ऑगरचा वेग कमीजास्त करतो. वाटीवर जाड पत्रा, त्यावर चरबी निथळण्यासाठी तिरकं ताट, त्यावर जाळी आणि वर झाकण. आगटीवरचा गडी जे डोळ्यांनी आणि तळहातानं करतो, ते इथं मोटर, पंखा आणि तापमापक मिळून करतात.

आणि तरीही या यंत्राचा पूर्वज आपल्या घरात होता. साठी-सत्तरीतल्या वाचकांना भुशाची शेगडी आठवत असेल. आमच्याकडे ती भरायचं काम आजीचं. पत्र्याचा गोल डबा, बुडाजवळ एक भोक. डब्याच्या मधोमध बाटली उभी करायची, भोकातून लाटणं आडवं सारायचं, आणि भोवती वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा मुठीनं ठासून भरायचा. मग बाटली आणि लाटणं अलगद फिरवत काढून घ्यायचं की आत वाऱ्याला वाट तयार. खालून कागदाचा बोळा पेटवून लावला की भुसा आतून बाहेर पेटत जाई आणि दोन-तीन तास एकसारखी आच मिळे. भुसा सैल भरला तर शेगडी मध्येच आत कोसळायची, ओला असला तर घरभर धूर. या दोन वाक्यांत पेलेटचं निम्मं शास्त्र येतं. सुटा भुसा ठासला, कोरडा ठेवला आणि त्यातून वारा खेळवला की तो लाकडापेक्षा शहाण्यासारखा जळतो.

पेलेट म्हणजे हाच ठासलेला भुसा, फक्त ठासायचं काम कारखान्यानं केलेलं. कोरडा भुसा प्रचंड दाबाखाली पोलादी साच्याच्या भोकांतून ढकलतात. दाबानं आणि घर्षणाच्या उष्णतेनं लाकडातलं लिग्निन मऊ होतं, आणि थंड झाल्यावर तेच डिंकासारखं काम करतं. चांगल्या लाकडी पेलेटला बाहेरचा डिंक लागत नाही. साधारण ६ ते ८ मिलिमीटर जाडीची, बोटाच्या पेराएवढी चकचकीत कांडी तयार होते. तिच्यात ओल १० टक्क्यांच्या आत असते आणि ती पाण्यात बुडते इतकी घट्ट असते. किलोला सुमारे चार हजार किलोकॅलरी उष्णता. स्वयंपाकाच्या गॅसशी तुलना करायची तर एक किलो गॅसाइतकी उष्णता मिळवायला पावणेतीन किलोच्या आसपास पेलेट जाळावे लागतात.

विस्तव सुधारण्याचा इतिहास आपल्याकडे बराच जुना आहे आणि त्यातला मोठा भाग महाराष्ट्रात घडला. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम करणाऱ्यांनी धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ काढली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीचा आराखडा मांडला. १९८० च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी थोड्या वर्षांत मोडल्या, धुराडी तुंबली, आणि बाईनं शेजारी पुन्हा तीन दगड मांडले. याचा दोष त्या बाईकडे नव्हता. चूल बसवणारा माणूस पैसे घेऊन गेला आणि धुराडं झाडायला कोणी शिकवलं नाही. वापरणाऱ्या हाताला देखभाल शिकवली नाही तर उत्तम आराखडाही वाया जातो. या पुस्तकात देखभालीला निवडीपेक्षा जास्त पानं दिली आहेत ती यासाठीच.

पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेनं हा धागा पुढं नेला. ‘लक्ष्मी’, ‘भाग्यलक्ष्मी’ अशा नावांच्या चुली साच्यातून घडवायला तिनं गावोगावच्या कारागिरांना शिकवलं. पण माझ्या मते या संस्थेचं सर्वांत मोलाचं काम जळणावरचं आहे. उसाच्या फडात पाचट पेटवून देतात. ते गोळा करून त्याचा कोळसा पाडायचा आणि त्याच्या कांड्या करायच्या, ही पद्धत संस्थेनं बसवली आणि त्यासाठी तिला २००२ चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. चुलीकडे पाहणारे खूप होते, जळणाकडे इतक्या आस्थेनं पाहणारे थोडे.

याच काळात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दुसरी वाट शोधली जात होती. तिथल्या मंडळींनी ‘अस्त्र ओले’ ही तीन भांड्यांची चूल आधीच दिली होती. प्रा. एच. एस. मुकुंद आणि त्यांचे सहकारी आता लाकडाचा आधी वायू करून मग तो जाळण्याच्या मागे होते. पात्रात पेलेट भरायचे, वरून पेटवायचे, खालून थोडा वारा द्यायचा. जळण तापून वायू सुटतो, तो वर येतो आणि वरच्या भोकांतून येणाऱ्या दुसऱ्या वाऱ्यात निळसर ज्योतीनं जळतो. धूर म्हणजे न जळलेला वायू आणि काजळी. तो वायूच जाळून टाकला की धूर उरत नाही. या तत्त्वावर बीपी या तेल कंपनीनं विज्ञान संस्थेच्या मदतीनं ‘ऊर्जा’ नावाची शेगडी काढली आणि २००६ पासून महाराष्ट्रात व दक्षिणेत विकायला सुरुवात केली. बॅटरीवरचा छोटा पंखा, तासभर चालेल इतके पेलेट, आणि गॅससारखी फिरवायची कळ.

सुमारे चार लाख शेगड्या विकल्या गेल्या. पेलेटवरचा स्वयंपाक मराठी घरात खरोखर पोचला होता तो तेव्हा, आणि पुढं काय झालं ते या विषयात येणाऱ्या प्रत्येकानं नीट समजून घ्यायला हवं. शेगडी चांगली होती. पेलेट शेतीच्या उरल्यासुरल्या मालापासून होत होते, त्यात उसाचा बगॅसही होता. पण ज्या मालाला कालपर्यंत कोणी विचारत नव्हतं, त्याला कारखान्यांचे बॉयलर मागणी करू लागले. कच्चा माल महागला, पेलेट महागले, गावात ते वेळेवर मिळेनासे झाले. दुसरं जळण त्या शेगडीत चालत नव्हतं. बीपी बाहेर पडली आणि पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीनं धंदा पुढं चालवताना मुख्य गिऱ्हाईक म्हणून हॉटेलं आणि मोठी स्वयंपाकघरं धरली. घराघरांतल्या शेगड्या माळ्यावर गेल्या. त्या नादुरुस्त नव्हत्या, त्यांचं जळण संपलं होतं.

म्हणून या पुस्तकाचा पहिला प्रश्न ‘कोणतं ग्रिल घ्यावं’ हा नाही. पहिला प्रश्न असा की तुमच्या गावात बारा महिने, परवडेल अशा भावात, अन्नाला चालेल असा पेलेट कुठून येणार. त्याचं उत्तर नसेल तर ग्रिल घेऊ नका, असं इथं स्पष्ट म्हटलं आहे. विकणाऱ्यांना ते आवडणार नाही.

अमेरिकेतही वाट जळणाकडूनच यंत्राकडे आली. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईत तिथल्या लाकूड गिरण्यांच्या भुशाचे पेलेट होऊ लागले, पुढच्या दशकात घर उबदार ठेवणाऱ्या पेलेटच्या शेगड्या आल्या. ओरेगन राज्यातल्या माउंट एंजल या लहान गावी जो ट्रेगर यांनी त्याच पेलेटवर स्वयंपाकाचं ग्रिल बनवलं आणि १९८६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. वीस वर्षांनी, २००६ मध्ये, पेटंटची मुदत संपली आणि मग अनेक कंपन्या बाजारात उतरल्या. ज्या वर्षी तिकडे ग्रिलचा बाजार खुला झाला, त्याच वर्षी आपल्याकडे ‘ऊर्जा’ विक्रीला आली होती. तिकडे यंत्राच्या मागे लाकूड गिरण्यांचा कायमचा पुरवठा उभा होता. फरक तेवढाच, पण निर्णायक.

आता आपल्या नगर जिल्ह्याकडे पाहू. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप झालं आणि त्यानंतर कोपरगावपासून श्रीगोंद्यापर्यंत धुराडी उभी राहिली. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस निघतो. ऐकायला डोंगर वाटतो. पण त्यात निम्मं पाणी असतं, आणि तो बहुतेक कारखान्याच्याच बॉयलरमध्ये वाफेसाठी आणि विजेसाठी जातो. उरलं पाचट, तुराट्या, पऱ्हाट्या, मक्याची बुरकुंडं, सोयाबीनचं भुसकट. यांपासून पेलेट किंवा ज्याला बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात त्या जाड कांड्या होतात आणि बॉयलरला, वीटभट्टीला उत्तम चालतात. ग्रिलला मात्र सगळं चालत नाही. इथं जळणाचा धूर सरळ अन्नाला लागतो. शिवाय राखेचा प्रश्न आहे. स्वच्छ लाकडात राख एक टक्क्याच्या आत असते. भाताच्या तुसात ती वीस टक्क्यांपर्यंत जाते. पाचटाची राखही बरीच, आणि ती तापून वितळली की वाटीच्या तळाशी तिचे काचेसारखे खडे धरतात. खडे धरले की वाऱ्याची भोकं बुजतात, आणि बिघाड शोधणारा माणूस पंखा बदलत बसतो.

मग लाकूड कोणतं? आंबा, पेरू, जांभूळ, बाभूळ ही नावं आपल्या ओळखीची आणि अन्नाला मानवणारी. कडुलिंबाचा धूर कडवट, निलगिरीत तेल, प्लायवूडच्या भुशात रसायनी गोंद. हे तिन्ही नकोत. सॉ-मिलमधला मिश्र भुसा स्वस्त मिळतो, पण त्यात काय काय आहे हे मिलवाल्यालाही सांगता येत नाही. आणि एक झाड असं आहे की त्याचा विचार आपण अजून केलेलाच नाही. कर्जत, जामखेड, पाथर्डीच्या पडीक रानांत पसरलेली वेडी बाभूळ ही अमेरिकेतल्या मेस्किटची अगदी जवळची नातलग. टेक्सासात मांस भाजायला ज्या मेस्किटच्या लाकडाला मान आहे, त्याच जातकुळीचं हे काटेरी झाड आपण बांधावरून उपटून टाकतो किंवा त्याचा कोळसा पाडतो. हा कोळसा पाडणाऱ्या भट्ट्यांवर बऱ्याचदा कातकरी कुटुंबं उचल घेऊन राबतात, धुरात आणि राखेत. वेड्या बाभळीचे पेलेट करण्याचा उद्योग इथं उभा राहिला तर त्या हातांना अधिक माणुसकीचं काम मिळावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. ते आपोआप होणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

हा विषय आत्ताच का, असं विचारणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. काही म्हणतात, घरोघरी गॅस आला, आता लाकडाचं काय? २०१६ च्या उज्ज्वला योजनेनं गॅस पोचवला हे खरं आणि ते फार चांगलं झालं. घरातल्या धुरानं २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. स्वयंपाकघरात धूर परत आणणारं एकही वाक्य या पुस्तकात सापडणार नाही. पेलेट ग्रिल हे उघड्यावरचं यंत्र आहे, बंद खोलीत ते कधीही लावू नये. पण गॅस असूनही भाकरीला, आंघोळीच्या पाण्याला, मटणाला चूल पेटते. नगर-पुणे आणि नगर-मनमाड रस्त्यांवरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर ‘चुलीवरचं’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. हुरड्याच्या निमित्तानं कृषी पर्यटन वाढलं आहे आणि पाहुण्यांना वर्षभर विस्तवावरचं हवं आहे. त्यांना जेवू घालणारा आचारी रोज सहा-सात तास धुरात उभा असतो. या पुस्तकाचा पहिला वाचक माझ्या नजरेसमोर तो आचारी आहे.

दुसरे म्हणतात, पेलेट तर आता सगळीकडे होणार, मग काळजी कसली? केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं २०२१ मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशात शेतमालाचे पेलेट मिसळायचं धोरण आखून दिलं. पेलेटचे कारखाने त्यामुळं वाढतील, हे खरं. पण वीज केंद्र हा हजारो टनांचा गिऱ्हाईक. त्याच्या शेजारी वीस किलोचं पोतं मागणारा हॉटेलवाला कुठं उभा राहणार? २००६ नंतर जे बगॅसच्या बाबतीत झालं तेच पुन्हा होऊ शकतं. छोट्या वापरणाऱ्यांनी एकत्र येऊन गावाजवळच्या लहान यंत्रावर आपापल्या लाकडाचे पेलेट करून घेतले, गिरणीत दळण टाकतो तसे, तर ते टळेल. बचत गटांना हा धंदा जमेल का, याचा हिशेब पुस्तकात मांडला आहे. तो मी खर्च वाढवूनच धरला आहे.

ग्रिल वापरणाऱ्यांतही पंथ आहेत. एका पंथाला एकेका अंशाची नेमकी आच हवी. तो सतत मोजमाप करून ऑगर आणि पंखा दोन्ही हलवणारा कंट्रोलर मागतो. दुसऱ्याला ठराविक सेकंद चालू, ठराविक सेकंद बंद असा साधा कंट्रोलर पुरतो, कारण त्यात आच थोडी वरखाली होते आणि त्या वरखाली होण्यातून धुराचा वास जास्त मिळतो. तिसरा पंथ म्हणतो, हे सगळंच मिळमिळीत, खरी चव कोळशावर. त्यांचं म्हणणं अगदी चुकीचं नाही. पेलेट इतका स्वच्छ जळतो की धुराचा वास हलकाच राहतो, आणि तो हवा असेल तर आच १०५ ते १२० अंश सेल्सिअसवर ठेवून वेळ द्यावा लागतो. त्या आचेवर तासाला अर्धा ते एक किलो पेलेट जातात. मोठ्या आचेवर दीड किलोच्या पुढं. मी स्वतः आपल्या भागासाठी साध्या कंट्रोलरकडे झुकतो, आणि कारण चवीचं नाही. बिघडला तर तालुक्याच्या गावचा वायरमन तो उघडू शकतो.

विजेचा प्रश्न अमेरिकी माहितीपुस्तिकांत जवळजवळ नसतोच. तिकडची बरीच यंत्रं १२० व्होल्टची. नातेवाइकानं प्रेमानं पाठवलेलं ग्रिल इथल्या २३० व्होल्टला लावलं तर पहिल्याच दिवशी कंट्रोलर जळतो. पेटवताना पहिली काही मिनिटं कांडीला दोन-तीनशे वॅट लागतात, नंतर पंखा आणि मोटर पन्नासेक वॅटवर भागवतात. म्हणजे घरचा लहान इन्व्हर्टर पुरतो, आणि आमच्याकडच्या भारनियमनात तो नसणं धोक्याचं आहे. वीज गेली की पंखा थांबतो, वाटीतला विस्तव मात्र जिवंत असतो. तो ऑगरच्या नळीतून हळूहळू हॉपरकडे मागं सरकू शकतो. हा प्रकार कमी घडतो, पण घडतो. काय करायचं ते या पुस्तकात पहिल्याच पानावर, मोठ्या टाइपात छापायला लावलं आहे.

आणि पाऊस. आमच्या जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या घाटघरला आषाढात ढग जमिनीवरून चालतात आणि त्याच दिवशी जामखेडला लोक आभाळाकडे बघत असतात. दोन ठिकाणची देखभाल एक असूच शकत नाही. मी पहिल्या वर्षी हॉपर भरलेलं ठेवून आठ दिवस गावाला गेलो. परत आलो तेव्हा पेलेट ओल पिऊन फुगले होते, त्यांचा पुन्हा भुसा झाला होता आणि ऑगरच्या नळीत तो सिमेंटसारखा बसला होता. दांडा काढायला दीड दिवस लागला. तेव्हापासून मृगाच्या आधी हॉपर रिकामं, पेलेट झाकणाच्या पिंपात आणि पिंप फळीवर, हा घरचा नियम आहे. वाटीतली राख दर दोन-तीन वापरांनंतर काढायची, तीही पूर्ण गार झाल्यावर. चरबीचं ताट खरवडायचं, कारण ग्रिलला लागणाऱ्या आगी बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात. ही कामं पाच मिनिटांची आहेत. रात्री चूल सारवून ठेवणाऱ्या बायकांच्या घरात ती कोणाला जड जाऊ नयेत.

पेलेट विकत घेताना वाचकानं एवढं करून पाहावं, असं मी आताच सांगतो. एक कांडी बोटांनी मोडा. कट्‌ असा आवाज करून तुटली तर कोरडी आहे, दबून वाकली तर ओल आहे. दुसरी पेलाभर पाण्यात टाका. ती बुडाली पाहिजे आणि थोड्याच वेळात फुलून तिचा मऊ भुसा झाला पाहिजे. तरंगली तर नीट दाबलेली नाही. तशीच घट्ट राहिली तर आत काहीतरी चिकटवण्यासाठी घातलं आहे. मग तो भुसा हुंगा. लाकडाचा वास यावा, रंगाचा किंवा गोंदाचा नाही. पोत्यावर काय छापलं आहे ते त्यानंतर वाचा.

पुस्तकात पाककृती थोड्याच आहेत: भरीत, मक्याची कणसं, रताळी, कोंबडी, पनीर आणि मंद आचेवरचं बोकडाचं मटण. हुरडा त्यांत नाही, आणि अनेकांनी विचारल्यामुळं त्याचं कारण इथं देतो. दोन हंगाम मी तो या ग्रिलवर करून पाहिला. पंख्याच्या कोरड्या वाऱ्यात कणसातला रस उडून जातो आणि दाणा चिवट होतो. विस्तवात गाडलेलं कणीस स्वतःच्याच वाफेत शिजतं, तेही काही मिनिटांत, आणि चोळताना दाणा हातात हिरवा, मऊ, गरम येतो. आच कितीही नेमकी ठेवली तरी ते मला जमलं नाही. हुरड्याच्या पानावर म्हणून एवढंच लिहिलं आहे की आगटी वीतभर खोल खणा, गोवऱ्या चांगल्या वाळलेल्या घ्या, आणि धूर संपेपर्यंत थांबा.